तारेच्या दोन टोकांचा करार

युनिक्स घराण्यातल्या संगणकात शिरण्याचा सगळ्यांत जुना दरवाजा म्हणजे सिरियल जोडणी. एक तार जायची, एक यायची आणि तिसरी दोन्ही यंत्रांच्या विजेला समान पाया देणारी. या तीन तारांवरून अक्षरे बिटाबिटाने, एकामागून एक ये-जा करतात. संगणकाला पडदा जोडलेला नसला, नेटवर्क अजून जागे झाले नसले, तरी यंत्र सुरू होताना काय म्हणते ते या दरवाजातून ऐकू येते. हाच दरवाजा अडला तर त्याच्या ठरलेल्या चार तऱ्हा असतात. टर्मिनलवर काहीच उमटत नाही. उमटते ते अगम्य असते. वाचता येते पण लिहिलेले पोहोचत नाही. किंवा प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या शेवटाखालून सुरू होऊन मजकूर जिन्याच्या पायऱ्यांसारखा उतरत जातो. यांवरचे उपाय आज संगणकविद्येचा भाग म्हणून शिकवले जातात. माझे म्हणणे असे की हे उपाय आणि त्यांमागची विचाराची शिस्त संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. ती मुख्यतः ब्रिटनमध्ये, तारायंत्राच्या धंद्यात, मोठे नुकसान सोसून कमावली गेली. त्या धंद्याने दोन धडे दिले. एकोणिसाव्या शतकाने शिकवले की तारेतला बिघाड मोजून शोधायचा असतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाने शिकवले की कित्येकदा तार शाबूत असते आणि मोडलेला असतो तो दोन टोकांमधला करार. आजच्या टर्मिनलची दुरुस्ती या दोन धड्यांवर उभी आहे.

मुळात अक्षरे एकामागून एक पाठवायची वेळ का आली, हे आधी पाहू. विल्यम कुक आणि चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३७ मध्ये पेटंट घेतलेले तारायंत्र पाच सुयांचे होते. दोन सुया एकाच वेळी वळत आणि त्यांचा रोख पाटीवरच्या ज्या अक्षरावर मिळे ते अक्षर वाचायचे. नवख्या माणसालाही जमेल इतके ते सोपे होते. १८३९ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या पॅडिंग्टन ते वेस्ट ड्रेटन या १३ मैलांच्या टप्प्यावर ते चालू झाले. पण पाच सुयांना तारांचा जुडगा लागे. लोखंडी नळीतून नेलेल्या त्या तारांचे आवरण टिकेना. एकेक तार निकामी झाली, तसे उरलेल्या तारांवर भागेल असे संकेत बसवावे लागले. १८४३ मध्ये मार्ग स्लाउपर्यंत वाढला तेव्हा सुया दोनच राहिल्या होत्या आणि तारा खांबांवर चढल्या होत्या. या माघारीत सिरियल जोडणीचे बीज आहे. तार महाग असते आणि ती बिघडते, म्हणून तारा कमी करायच्या. पण तारा कमी केल्या की जे एका क्षणात पाच तारांवर मावत होते ते एका तारेवर अनेक क्षणांत पसरावे लागते. जागेवरचे ओझे काळावर जाते. मग कोणता क्षण कोणत्या खुणेचा, याबद्दल दोन्ही टोकांचे आधीपासून एकमत असावे लागते. तार स्वतः हे एकमत वाहून नेत नाही. तिच्यावर असतो फक्त विजेचा चढउतार.

या एकमताची कसोटी लवकरच लागली. १ जानेवारी १८४५ रोजी स्लाउहून पॅडिंग्टनला एक तार गेली. जॉन टॉवेल नावाचा खुनाचा संशयित आगगाडीत बसून लंडनकडे निघाला होता आणि त्याच्या अंगावर क्वेकर पंथीयांचा वेष होता. यंत्राच्या वर्णमालेत ‘क्यू’ हे अक्षर नव्हते, म्हणून तो शब्द ‘के’ आणि ‘डब्ल्यू’ जोडून लिहावा लागला. टॉवेल पकडला गेला आणि पुढे फासावर गेला. त्या काळच्या लोकांनी यात विजेचा चमत्कार पाहिला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यात आणखी काही आहे. तार धड होती, सुया धड होत्या, विजेचा प्रवाहही ठीक होता. अडचण होती ती दोन्ही टोकांनी मान्य केलेल्या अक्षरसंचात. आज एका टोकाला सात बिटांचे अक्षर आणि दुसऱ्या टोकाला आठ बिटांचे ठरलेले असेल तर पडद्यावर जे भलतेसलते उमटते, ते याच जातीचे दुखणे आहे. मात्र ही जात ओळखायला धंद्याला वेळ लागला, कारण त्याआधी त्याला तुटणाऱ्या तारांनी ग्रासले होते.

त्या ग्रासाचे सगळ्यांत मोठे उदाहरण म्हणजे १८५८ ची अटलांटिक केबल. ऑगस्टमध्ये आयर्लंडचे व्हॅलेन्शिया बेट आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये ती समुद्राच्या तळाशी पडली. राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश जायला तब्बल १६ तास लागले. तरीही केबलने आपली किंमत दाखवली. १८५७ च्या भारतातल्या उठावामुळे कॅनडातल्या दोन पलटणींना हलवण्याचे हुकूम सुटले होते. ३१ ऑगस्टला लंडनहून तार गेली आणि ते रद्द झाले. त्यात वाचलेला खर्च सुमारे ५० हजार पौंडांचा होता. सप्टेंबरमध्ये केबल कायमची मुकी झाली. ती चालत असताना दोन माणसे तिच्याकडे दोन दृष्टींनी पाहत होती. कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस, मूळचे शल्यवैद्य, यांचा भर जोरावर होता. संदेश क्षीण येतो ना, मग वीज वाढवा. त्यांच्या प्रवर्तन-कुंडलांचा दाब सुमारे २००० व्होल्टपर्यंत जाई. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन, पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५४-५५ मध्येच दाखवून दिले होते की लांब केबल ही विजेची साठवणही असते. तिच्यात सोडलेला ठोका पसरट होत जातो आणि त्याला लागणारा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून त्यांनी वीज सौम्य ठेवली आणि कान तीक्ष्ण केला. त्यांच्या गॅल्व्हनोमीटरमध्ये लोहचुंबकाला चिकटवलेला इवलासा आरसा असे आणि त्यावरून परतणारा प्रकाशाचा ठिपका बारीकशा प्रवाहानेही सरके. बिघाडाला सामोरे जाण्याच्या या दोन रीती आजही जिवंत आहेत. पडद्यावर अगम्य अक्षरे दिसताच कळा बडवणारा, यंत्र पुन्हापुन्हा बंद-चालू करणारा माणूस पहिल्या रीतीचा. आधी तारेवर नेमके काय येते आहे ते पाहणारा दुसऱ्या रीतीचा.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. व्हाइटहाउस यांच्यावर सगळे खापर फोडणे अन्यायाचे आहे. ती केबल घाईघाईत बनली होती, उन्हात पडून तिचे गटापर्चाचे आवरण मऊ झाले होते, आतली तांब्याची तार ठिकठिकाणी मध्यावरून सरकली होती. अलीकडच्या अभ्यासकांच्या मते उच्च दाब दिला नसता तरी ती फार दिवस जगली नसती. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि त्यामुळे माझा मुद्दा अधिकच पक्का होतो. केबल कशाने मेली यावर एकमत होऊ शकले नाही, कारण ती जिवंत असताना कोणती संख्या ठीक आणि कोणती बिघाडाची, हेच ठरलेले नव्हते. मापच नसेल तर दोष देता येतो, शोधता येत नाही. पाठोपाठ सुएझ ते कराची ही तांबड्या समुद्रातली केबलही १८५९-६० मध्ये पडली आणि बंद झाली. तिच्यामागे ८ लाख पौंडांचे भांडवल होते. सरकार आणि अटलांटिक कंपनी यांच्या संयुक्त समितीने साक्षी-प्रयोगांनिशी चौकशी केली आणि १८६१ मध्ये तिचा अहवाल निघाला. कारखान्यात, पाण्याखाली, जहाजावर, प्रत्येक टप्प्यावर केबल तपासायची आणि आकडे लिहून ठेवायचे, ही शिस्त त्यानंतर रुजली. त्याच वर्षी मँचेस्टरला ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट या दोन तारायंत्र-अभियंत्यांनी विजेच्या एककांना शास्त्रज्ञांची नावे द्यावीत असा प्रस्ताव मांडला. असोसिएशनने समिती नेमली आणि १८६५ मध्ये रोधाची प्रमाणित वेटोळी वाटली गेली. शाळेच्या पुस्तकातला ओहम असा केबलच्या बिघाडांतून मापाला आला.

माप हाती आल्यावर बिघाडाची जागा काढणे हे गणित झाले. केबलच्या प्रत्येक सागरी मैलाचा रोध ठाऊक असला, की किनाऱ्यावर बसून मोजलेल्या रोधावरून तुटलेले टोक किती मैलांवर आहे ते काढता येते. जमिनीवर जोडीला दुसरी धड तार असेल तर पलीकडच्या टोकाला दोन्ही तारा एकमेकींना जोडायच्या, फेरा पुरा करायचा आणि व्हीटस्टन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सेतूवर तो तोलायचा. क्रॉमवेल व्हार्ली यांच्या नावाची अशी फेराचाचणी पुढे पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. या विद्येचा आपल्याशी थेट संबंध आहे. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने मुंबई आणि एडन यांच्यामध्ये केबल टाकली आणि त्याच वर्षी जून महिन्यात कॉर्नवॉलमधल्या पोर्थकर्नो या छोट्या खाडीपासून जिब्राल्टर, माल्टा, सुएझ, एडनमार्गे मुंबईपर्यंत साखळी पुरी झाली. पोर्थकर्नोत पुढे या कामाचे शिक्षण देणारे विद्यालय उभे राहिले आणि ते १९९३ पर्यंत चालले. आज टर्मिनलवर काही उमटत नसले की जाणकार पहिली चाचणी हीच करतो. संगणकाची बाजू सोडवायची, आपल्या बाजूच्या केबलच्या टोकाला जाणारी आणि येणारी तार एकमेकींना जोडायची आणि कळ दाबायची. दाबलेले अक्षर परत आले तर इथपर्यंतचे सारे धड, दोष पलीकडे. आले नाही तर अलीकडे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत टाळायची असेल तर मार्गाचे असे दोन भाग करत जावे लागते. तारमास्तरची चाचणी रोध मोजत होती आणि आजची चाचणी अक्षर परत येते का ते पाहते, एवढा फरक आहे. पण माहीत असलेला फेरा बांधून अज्ञात भाग अर्ध्यावर आणायचा, हा विचार एकच आहे. टॉमसन यांचा नियमही तसाच टिकून आहे. आरएस-२३२ या प्रमाणाने केबलची लांबी आधी ५० फूट सुचवली आणि नंतरच्या आवृत्तीत ती मर्यादा लांबीऐवजी केबलच्या विद्युतधारितेवर, २५०० पिकोफॅरडवर, बांधली. केबल ही विजेची साठवण असते, हे १८५५ चे म्हणणे प्रमाणग्रंथात असे उतरले.

दुसरा धडा माणसाच्या जागी यंत्र ऐकू लागले तेव्हा मिळाला. माणूस कान देऊन ऐकतो तेव्हा करारातल्या बारीक चुका तो मनातच दुरुस्त करतो; पाठवणारा जरा हळू झाला तर ऐकणाराही हळू होतो. यंत्राला ही उदारता नसते. मूळचे न्यूझीलंडचे आणि पुढे इंग्लंडमध्ये काम केलेले डोनाल्ड मरे यांनी १९०१ च्या सुमारास टंकलेखकासारख्या कळफलकासाठी पाच खुणांची लिपी नव्याने बसवली. फ्रान्सच्या एमिल बोदो यांची लिपी बोटांच्या सोयीची होती. मरे यांनी ती यंत्राच्या सोयीची केली, म्हणजे वारंवार येणाऱ्या अक्षरांना कमीत कमी छिद्रे दिली. शिवाय कागदावर न उमटणाऱ्या दोन आज्ञा त्यांनी लिपीत घातल्या: गाडी परत डावीकडे न्या आणि कागद एक ओळ वर सरकवा. युनिक्सच्या टर्मिनलवर ओळी पायऱ्यांसारख्या उतरतात तेव्हा बिघाड नेमका या दोन आज्ञांमधला असतो. युनिक्स आपल्या फाइलीत ओळीच्या शेवटी दुसरी आज्ञा तेवढी ठेवते आणि टर्मिनलचा चालक बाहेर पाठवताना पहिली जोडून देतो. ती जोडणी बंद पडली की कागद सरकतो, गाडी जागच्या जागी राहते. हे दुखणे ज्याला टेलिप्रिंटरचा कागद आणि त्याची गाडी माहीत आहे त्याला क्षणात कळते; ज्याला माहीत नाही तो सेटिंग चाचपडत बसतो.

कॅनडात जन्मलेले फ्रेडरिक क्रीड १८९७ मध्ये ग्लासगोला आले आणि १९०९ मध्ये त्यांनी आपला कारखाना लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनला हलवला. क्रीड कंपनीचा १९३१ चा ७ क्रमांकाचा टेलिप्रिंटर ब्रिटिश पोस्टखात्यात घरोघरच्या शिवणयंत्रासारखा परिचित झाला. त्याची रीत अशी: तार निवांत असताना तिच्यावर ठरावीक दाब असतो, अक्षर सुरू होताना तो एका खुणेपुरता उलटतो, मग अक्षराच्या पाच खुणा येतात आणि शेवटी दीड खुणेची विश्रांती. ५० बॉड वेगाला एक खूण २० मिलिसेकंदांची, अक्षर १५० मिलिसेकंदांचे, म्हणजे मिनिटाला ४०० अक्षरे. दोन टोकांची घड्याळे एकमेकांना बांधलेली नसतात. प्रत्येक अक्षराच्या आरंभखुणेला ऐकणारे यंत्र आपले घड्याळ नव्याने लावते आणि तेवढ्या अक्षरापुरता त्यावर विश्वास ठेवते. करार असा अक्षरागणिक नव्याने होतो. दोन मोटरींच्या वेगात फरक पडला तर पहिल्या खुणा बरोबर वाचल्या जातात आणि शेवटच्या चुकतात. म्हणून अक्षरे बिघडू लागली की मेकॅनिक आधी तारेला हात लावत नसे. तो विशिष्ट कंपनाच्या नादकाट्यातून मोटरच्या फिरत्या गव्हर्नरवरच्या खुणा पाही आणि त्या स्थिर दिसेपर्यंत वेग जुळवी. आठ बिटांच्या आजच्या अक्षरात दोन घड्याळांमधला फरक सुमारे ५ टक्क्यांवर गेला की हेच घडते. पडद्यावर कचरा आला की आधी बॉड तपासा, हा आजचा सल्ला त्या नादकाट्याचा वंशज आहे.

करार तपासायला टेलिप्रिंटरवाल्यांनी स्वतःची साधने घडवली. ‘आर’ आणि ‘वाय’ ही दोन अक्षरे एकाआड एक पाठवत राहायची, कारण पाच खुणांच्या लिपीत त्या दोघांचे नमुने एकमेकांचे नेमके उलटे आहेत; प्रत्येक खूण दर अक्षराला पालटते आणि यंत्राचा प्रत्येक भाग कसोटीला लागतो. इंग्रजीतली सगळी अक्षरे येणारे, चपळ कोल्ह्याचे प्रसिद्ध वाक्यही याच कामाचे. मर्म एकच: जे पाठवले ते आधीपासून ठाऊक असेल, तर जे आले त्याच्याशी ताडून बिघाडाचे स्वरूप काढता येते. या तत्त्वाची सर्वांत मोठी प्रचीती बिघाड दुरुस्त करताना आली नाही, तर शत्रूच्या बिघाडातून आली. ३० ऑगस्ट १९४१ रोजी अथेन्सहून व्हिएन्नाला जर्मन सैन्याचा सुमारे ४००० अक्षरांचा सांकेतिक टेलिप्रिंटर संदेश गेला. तो नीट पोहोचला नाही, पुन्हा पाठवा अशी मागणी झाली. पाठवणाऱ्याने नियम मोडून यंत्राची मांडणी तीच ठेवली आणि मजकूर टंकताना काही शब्द आखूड केले. ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेदन-केंद्रात जॉन टिल्टमन यांनी हे दोन जवळजवळ सारखे संदेश एकमेकांशी ताडून मूळ मजकूर वेगळा केला आणि बिल टट यांनी त्या धाग्यावरून कधीही न पाहिलेल्या यंत्राची रचना काढली. त्या कामाला वेग देणारे कोलोसस हे यंत्र पोस्टखात्याच्या डॉलिस हिल संशोधनकेंद्रात टॉमी फ्लॉवर्स यांनी उभारले. १९४४ मध्ये ते सेकंदाला ५००० अक्षरे या वेगाने पाच छिद्रांची कागदी फीत वाचत होते. तारायंत्राच्या घरातून संगणक निघाला, हे म्हणणे अलंकारिक नाही.

येथे सगळ्यांत वजनदार आक्षेप येतो. युनिक्स १९६९ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत जन्मले, ज्यावरून त्याच्या टर्मिनलला ‘टीटीवाय’ हे नाव मिळाले तो टेलिटाइप अमेरिकन, आरएस-२३२ अमेरिकन, आस्की लिपीही अमेरिकन. मग या कथेत ब्रिटन कशाला? माझे उत्तर असे की नळ कोणी बसवला आणि पाणी कुठून आले हे दोन वेगळे प्रश्न आहेत. अमेरिकेने यंत्र आणि प्रमाण दिले, यात वाद नाही. टेलिटाइपच्या मागेही अमेरिकेतली स्वतंत्र परंपरा होती. पण त्या प्रमाणातला गाडी परत नेण्याचा संकेत, खुणांची छिद्रे, केबलच्या साठवणीचा नियम, रोधाचे माप, फेऱ्याची चाचणी यांच्या मुळाशी गेलो तर वाट वारंवार ग्लासगो, क्रॉयडन, लंडन आणि पोर्थकर्नोला येते. शिवाय ब्रिटिश संगणकांनी हा वारसा अमेरिकेमार्फत उसना घेतला नाही. ६ मे १९४९ रोजी केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स यांच्या एडसॅकने पहिला कार्यक्रम चालवला तेव्हा त्याच्या तोंडी पाच छिद्रांची फीत होती आणि उत्तर छापायला टेलिप्रिंटर. १९६७ मध्ये तिथल्याच टायटन संगणकावर अनेक जण एकाच वेळी टर्मिनलवरून काम करू लागले. सत्तरच्या दशकात ब्रिटिश विद्यापीठांमध्ये युनिक्स आले ते तारेचा हा स्वभाव पूर्वीच जाणणाऱ्या लोकांच्या हाती.

त्यानंतर हा करार पोस्टखात्याच्या तंत्रज्ञांकडून सामान्य माणसाच्या टेबलावर आला. १९७९ मध्ये पोस्टखात्याने सुरू केलेल्या प्रेस्टेल सेवेत घरच्या संचाकडे येणारा वेग १२०० बॉड आणि घरून जाणारा ७५ बॉड होता; येताना पानभर मजकूर, जाताना एखाददुसरी कळ, म्हणून ही विभागणी शहाणपणाची होती. पण जोडणाऱ्याला हे ठाऊक हवे की एकाच तारेच्या दोन दिशांचे करार वेगळे असू शकतात. १९८१ च्या अखेरीस केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो आला. येणारा आणि जाणारा वेग ठरवायला त्यात दोन वेगळ्या आज्ञा होत्या. त्याच्या सिरियल जोडणीचे तोंड पाच पिनांचे, फाशावरच्या पाच ठिपक्यांसारखे होते. ही मांडणी उलटी फिरवली तरी तशीच दिसते, त्यामुळे प्लग उलटाही बसे. मधली पिन जागेवर राही आणि कोपऱ्यातल्या चारही पिना भलत्याच जोडीदारांना जाऊन भिडत. कित्येक शाळांमध्ये हे संगणक होते, आणि प्लग फिरवून पाहा, ही तिथली पहिली सूचना असणे स्वाभाविक होते. तार शाबूत, वेग जुळलेला, तरी शांतता. कारण जो बोलतो त्याच्यासमोर ऐकणारा नव्हता. जाणारी तार येणाऱ्या पिनेला भिडायला हवी, हा नियम आजही सगळ्यांत आधी तपासला जातो.

रास्पबेरी पाय हे त्याच केंब्रिजचे अपत्य. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीला आला आणि त्याच वर्षीपासून दक्षिण वेल्समधल्या पेनकोइड इथल्या कारखान्यात तयार होऊ लागला. या लिनक्स चालवणाऱ्या पट्टीवरच्या ४० पिनांपैकी सहावी ग्राउंडची, आठवी बोलणारी, दहावी ऐकणारी. वेग सहसा १,१५,२०० बॉड, म्हणजे क्रीडच्या टेलिप्रिंटरच्या २३०४ पट. वेग एवढा वाढला तरी दुखण्यांची यादी तीच आहे. या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत; जुन्या आरएस-२३२ ची तार, जिच्यावर उणे-अधिक १२ व्होल्ट सहज असतात, थेट लावली तर चिप जळते. व्हाइटहाउस यांच्या कुंडलांनी दिलेला इशारा इथे लहान मापात पुन्हा खरा ठरतो. २०१६ च्या तिसऱ्या पायमध्ये मुख्य सिरियल चिप ब्लूटूथकडे गेली आणि पिनांवर उरली ती धाकटी चिप. तिचा वेग संगणकाच्या गाभ्यातल्या घड्याळावर बांधलेला होता आणि ते घड्याळ कामाच्या भाराप्रमाणे बदलत असे. घड्याळ सरकले की पडद्यावर कचरा. उपाय होता सेटिंगच्या फाइलीत एक ओळ लिहून ती जोडणी चालू करणे आणि घड्याळ स्थिर ठेवणे. मोटरचा गव्हर्नर जुळवण्याचेच ते काम होते. फक्त नादकाट्याची जागा एका ओळीने घेतली.

शेवटचा आक्षेप असा की हे सारे संपत आलेले आहे. नेटवर्कवरून संगणकात शिरता येते, यूएसबीने तारांची अदलाबदल संपवली, टेलिप्रिंटर संग्रहालयात गेले. इंग्लंडमध्ये देशांतर्गत तार १९८२ मध्ये बंद झाली, आपल्याकडे २०१३ मध्ये. पण नेटवर्क ही स्वतःच बिघडू शकणारी गोष्ट आहे आणि ते बिघडले की त्याच्यामार्फत दुरुस्ती करता येत नाही. म्हणून मोठ्या राउटरना आणि सर्व्हरना आजही सिरियल कन्सोल ठेवलेला असतो. यूएसबी-सिरियल केबलमध्येही दुसऱ्या टोकाला तीच जाणारी-येणारी तार असते. करार आत गेला आहे, नाहीसा झालेला नाही. तो आत गेल्यामुळेच शिकवणे अधिक गरजेचे झाले आहे. पाच सुयांचे यंत्र डोळ्यांसमोर चुकत होते, टेलिप्रिंटरची गाडी खडखडत अडत होती. आजची चिप निःशब्द चुकते.

म्हणून आपल्या तंत्रनिकेतनांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा विषय शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. सेटिंगची यादी पाठ करून घेण्याआधी मुलांना क्रम शिकवा: आधी व्होल्ट मोजा आणि ग्राउंड समान आहे का पाहा; मग फेरा बांधून मार्गाचे दोन भाग करा; मग बोलणारा ऐकणाऱ्यासमोर आहे ना ते पाहा; मग वेग, बिट आणि ओळीचा शेवट, म्हणजे करार, कलमाकलमाने ताडा; आणि यंत्रावर संशय सर्वांत शेवटी घ्या. हा क्रम कुणा एकाच्या डोक्यातून निघालेला नाही. बुडालेल्या केबली, बिघडलेली अक्षरे आणि दीडशेहून अधिक वर्षांची नोंद यांतून तो सिद्ध झाला आहे, आणि त्या नोंदीच्या एका टोकाला १८७० पासून आपली मुंबई उभी आहे.